दूरध्वनी केंद्राला फुटलेली वाचा

मद्रास शहराच्या जुन्या पेठेत, पूर्वी ज्या भागाला ब्लॅक टाऊन म्हणत आणि पुढे ज्याला जॉर्ज टाऊन हे नाव मिळाले त्या भागात, एरबालू चेट्टी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. दुतर्फा पेढ्या, वखारी आणि दलालांच्या कचेऱ्या असा त्याचा थाट. याच रस्त्यावर मद्रासच्या दूरध्वनी केंद्राचा जन्म झाला. ओरिएंटल टेलिफोन कंपनीने १८८१ साली सरकारकडून कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि अहमदाबाद या शहरांसाठी परवाना मिळविला होता. मद्रासच्या केंद्राला आरंभी जोडण्या होत्या अवघ्या १७. गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे एक सदस्य मेजर बेअरिंग यांनी २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील केंद्रे सुरू झाल्याचे जाहीर केले, आणि या देशातील दूरध्वनीच्या इतिहासाला अधिकृत आरंभ झाला.

सतरा जोडण्यांचे केंद्र म्हणजे वस्तुतः एक फळी आणि तिच्यासमोर बसलेला एक माणूस. ग्राहकाने आपल्या यंत्राची कळ फिरविली, की फळीवरील त्याच्या नावाची झडप खाली पडे. ऑपरेटर दोरीच्या टोकाची खुंटी त्या घरात खोवी, ‘कोण हवे?’ असे विचारी, दुसरी खुंटी हव्या त्या घरात खोवून तिकडची घंटा वाजवी, आणि बोलणे संपले की दोन्ही खुंट्या काढून घेई. या साध्या व्यवहाराकडे बारकाईने पाहिले, तर ऑपरेटर एकाच वेळी दोन कामे करीत होता हे ध्यानात येते. एक काम हाताचे, म्हणजे जोडण्याचे आणि तोडण्याचे. दुसरे काम कानाचे आणि जिभेचे. ग्राहक काय म्हणतो ते ऐकणे, समजणे, आणि त्याला समजेल अशा शब्दांत उत्तर देणे हे ते काम होय. पुढच्या सव्वाशे वर्षांत दूरध्वनीची जी प्रगती झाली, ती या दोन कामांची फारकत होऊन प्रत्येक काम यंत्राच्या स्वाधीन कसे झाले, याची कथा आहे. हाताचे काम यंत्राने लवकर उचलले. जिभेचे काम मात्र त्याला फार जड गेले. आणि ते जड का गेले याचे उत्तर विजेच्या शास्त्रापेक्षा भाषेच्या व्याकरणात अधिक सापडते.

हाताचे काम यंत्राकडे गेले त्याचे श्रेय अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाकडे जाते. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. प्रतिस्पर्ध्याची पत्नी दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरकडे येणारी गिऱ्हाइके ती आपल्या नवऱ्याकडे वळवीत असे, अशी कथा सांगतात. कथेचा खरेखोटेपणा कसाही असो. मध्यस्थ माणसावाचून जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याने १० मार्च १८९१ रोजी मिळविले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्या तत्त्वावरचे पहिले केंद्र चालू झाले. हिंदुस्थानात पहिले स्वयंचलित केंद्र सिमल्यास १९१३–१४ च्या सुमारास बसले. त्याची क्षमता ७०० जोडण्यांची होती. १९४३ साली सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील खाजगी दूरध्वनी कंपन्या ताब्यात घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला, आणि १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांदरम्यान ग्राहकाला स्वतः आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली.

केंद्रातून माणूस गेला, त्याबरोबर केंद्राची वाचाही गेली. ‘कोण हवे?’ असे विचारणाऱ्या आवाजाच्या जागी एक संथ गुणगुण आली. पलीकडचा माणूस दुसऱ्याशी बोलत असेल, तर ‘जरा थांबा’ असे सांगणाऱ्या शब्दांच्या जागी तुटक ठोका आला. लंडनचा असो वा लासलगावचा, प्रत्येक ग्राहक हे दोन-चार नाद शिकला. यंत्राची ही भाषा समजण्यास सोपी खरी. पण तिचा शब्दसंग्रह अवघा चार शब्दांचा. गाडी किती उशिरा आहे, खात्यात किती रक्कम शिल्लक आहे, आज बाजारात कांद्याला काय भाव फुटला, यांतील काहीही त्या भाषेत सांगता येत नव्हते.

ही वाचा परत मिळण्याची वाट दोन शोधांनी मोकळी केली. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात चकतीऐवजी बटणांचा दूरध्वनी ग्राहकांना मिळू लागला. त्यातील प्रत्येक बटण दाबताच दोन सूर एकदम निघतात. उदाहरणार्थ, पाचाच्या बटणातून सेकंदाला ७७० आणि १३३६ कंपनांचे दोन सूर निघतात. चकतीचे ठोके जोडणी होईपर्यंतच उपयोगी पडत. हे सूर मात्र जोडणी झाल्यावरही तारेवरून पलीकडे पोहोचतात. अर्थात ग्राहक आता बटणे दाबून पलीकडच्या यंत्राशी बोलू शकत होता. दुसरा शोध आवाज आकड्यांत मांडण्याचा. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजावयाची आणि प्रत्येक मोजमाप आठ द्विमान अंकांत लिहावयाचे. म्हणजे एका सेकंदाचे बोलणे ६४,००० अंकांत साठविता येते. आवाज एकदा आकडा झाला, की तो कागदावरील हिशेबाप्रमाणे जपून ठेवता येतो, मागेपुढे करता येतो, हवा तेव्हा पुन्हा ऐकविता येतो.

या सुमारास खुद्द केंद्रेही बदलली. जोडणीचा क्रम लोखंडी भागांच्या रचनेत कोरून ठेवण्याऐवजी तो संगणकाच्या स्मृतीत आज्ञावलीच्या रूपाने लिहिण्याची पद्धत १९६५ साली न्यू जर्सीतील सुकासुना येथे सुरू झाली. भारतात या पद्धतीचे पहिले ट्रंक केंद्र १९८३ साली मुंबईत आले. पुढच्याच वर्षी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे चालू झाले. मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला, भास्कर राममूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदीच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ नावाची बिनतारी पद्धत सिद्ध केली. खेड्यापर्यंत तांब्याची तार ओढण्याचा खर्च वाचावा हा तिचा हेतू. तिच्या मध्यवर्ती यंत्रातून सुमारे एक हजार ग्राहकांच्या जोडण्यांचे नियंत्रण होत असे, आणि त्या नियंत्रणाची आज्ञावली मद्रासमध्येच लिहिली जात होती. १९९६ साली शहराचे नाव चेन्नई झाले तेव्हा एरबालू चेट्टी स्ट्रीटवरील खुंटी खोवणाऱ्या हाताचे काम असे याच शहरातील तरुण अभियंत्यांच्या लेखणीत आले होते.

आता राहिले जिभेचे काम. त्यासाठी १९८०च्या दशकात एक लहानसे साधन बाजारात आले. साध्या संगणकाच्या पेटीत एक पट्टी बसवावयाची, आणि तिला दूरध्वनीच्या तारा जोडावयाच्या. तिला व्हॉइस कार्ड म्हणू लागले. १९८३ साली न्यू जर्सीत स्थापन झालेल्या डायलॉजिक या कंपनीची चार तारांची कार्डे जगभर गेली, भारतातही आली. घंटा वाजल्याचे ओळखणे, फोन उचलणे, साठविलेला आवाज ऐकविणे, दाबलेल्या बटणांचे सूर ओळखणे, बोलणे मुद्रित करणे आणि शेवटी फोन खाली ठेवणे ही कामे कार्ड करी. केव्हा काय करावयाचे हे मात्र त्याला आज्ञावलीने सांगावे लागे.

ही आज्ञावली लिहिण्याचे मर्म पंगतीत वाढणाऱ्याच्या कौशल्यासारखे आहे. चार पानांवर चार माणसे बसली आहेत आणि वाढणारा एक आहे. पहिल्याचा भात संपेपर्यंत तो त्याच्यासमोर उभा राहिला, तर उरलेले तिघे उपाशी राहतील. म्हणून तो सर्वांवर नजर ठेवतो. कोणी हात वर केला की त्याच्याकडे जातो, त्याला काय वाढून झाले आणि पुढे काय वाढावयाचे हे मनात ठेवतो, आणि लगेच दुसरीकडे वळतो. चार तारांची आज्ञावली अगदी हेच करते. कोणत्या तारेवरील ग्राहक स्वागताचे शब्द ऐकत आहे, कोण आकडे दाबत आहे, कोणाला उत्तर मिळत आहे, याची नोंद ती ठेवते आणि एखाद्या तारेवर काही घडले की तेवढ्यापुरते तिकडे लक्ष देते. एका अंकीय वाहिनीवर तीस संभाषणे चालतात. तेथे तीस पानांची पंगत एकाच वाढप्याला सांभाळावी लागते.

परदेशी पुस्तक पाहून लिहिलेली आज्ञावली भारतातील तारेवर चालेलच असे नव्हते. ग्राहकाने मध्येच फोन ठेवला, तर हे कार्डाला कळावे कसे? केंद्राकडून येणाऱ्या तुटक ठोक्यावरून. अमेरिकेत तो ठोका ४८० आणि ६२० कंपनांच्या दोन सुरांचा असतो. भारतात तो ४०० कंपनांचा एकच सूर, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. हा फरक कार्डाला शिकविला नाही, तर गेलेल्या ग्राहकापुढे ते बोलत राही आणि तार अडकून पडे. शिवाय त्या काळी अनेक घरांत चकतीचे फोन होते. त्यातून सूर निघतच नसत. तेव्हा ‘एक दाबा, दोन दाबा’ ही विनवणी त्या ग्राहकांच्या काही कामाची नव्हती.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. यंत्राने उत्तर द्यावयाचे ते कोणत्या भाषेत, आणि कसे? तयार वाक्ये मुद्रित करून ठेवणे सोपे. परंतु रक्कम, तारीख, गाडीचा क्रमांक यांची वाक्ये क्षणोक्षणी नवी असतात. त्यासाठी सुटे शब्द मुद्रित करून ते जोडावे लागतात. इंग्रजीत एक ते नव्याण्णव आकडे बोलण्यास २७ शब्द पुरतात; एक ते एकोणीस, आणि मग आठ दशके. तमिळ भाषेतही दशक आणि एकक यांची सांधणी सरळ आहे. दशकाचे रूप जोडताना थोडे बदलते, म्हणून त्याची दोन ध्वनिमुद्रणे लागतात इतकेच. चाळीसच्या आत सारे काम भागते. मराठीची गोष्ट निराळी. पंचवीस या शब्दात पाच आणि वीस ओळखू येतात, पण ते सुटे मुद्रित करून जोडता येत नाहीत. एकोणतीस मधला ‘एकोण’ तिसाकडे बोट दाखवितो, तर त्रेसष्ट, शहात्तर, सत्याऐंशी यांचे प्रत्येकाचे रूप स्वतंत्र. यास्तव मराठी बोलणाऱ्या यंत्राला नव्याण्णव आकड्यांची नव्याण्णव ध्वनिमुद्रणे द्यावी लागतात. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पर्यायी रीत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला होता. मुलांना जी अडचण पडते, तीच यंत्राची आज्ञावली लिहिणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी पडलेली होती.

आकड्यांनंतर नावे. ‘गाडी पुण्याहून सुटेल’ हे वाक्य घ्या. ‘पुणे’ हा शब्द मुद्रित करून त्याला ‘हून’ जोडले, तर ‘पुणेहून’ असे कानाला खटकणारे रूप होते. साताऱ्याचे, ठाण्याचे, कोल्हापूरचे प्रत्येकाचे सामान्यरूप आपापल्या चालीने होते. इंग्रजीत गावाच्या नावामागे एक शब्दयोगी शब्द ठेवला की झाले. मराठीत गावाचे नावच वाकते. तमिळ भाषेतही प्रत्यय नामाला चिकटतात, म्हणून चेन्नईच्या अभियंत्याला ही अडचण परकी नव्हती. दूरध्वनीवरून बोलणारे यंत्र बनविणे म्हणजे त्या त्या भाषेचे व्याकरण आज्ञावलीत उतरविणे होय, ही गोष्ट येथे स्पष्ट झाली.

सुटे शब्द जोडण्याची ही रीत मर्यादित आहे हे उघड आहे. कोणताही लिखित मजकूर वाचून दाखविणारे यंत्र आणि कोणाचेही बोलणे ऐकून समजणारे यंत्र, ही दोन साध्ये त्यापुढची होत. आणि येथे मद्रासच्या आयआयटीचे कार्य विशेष मोलाचे ठरले. प्राध्यापक बी. येज्ञनारायण यांनी तेथे १९८०च्या दशकात वाणीच्या अभ्यासाची प्रयोगशाळा वाढविली. २००९ च्या सुमारास केंद्र शासनाच्या साहाय्याने अनेक संस्थांचा एक संयुक्त प्रकल्प सुरू झाला. प्राध्यापिका हेमा मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली आरंभी हिंदी, बंगाली, मराठी, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम या सहा भाषांना यंत्राचा आवाज देण्याचे काम या प्रकल्पाने हाती घेतले. भारतीय भाषांची लय अक्षरावर चालते हे ओळखून आवाजाचे तुकडे अक्षरांच्या मापाने पाडण्यात आले. तरी प्रत्येक भाषेची खोच वेगळी. तमिळ लिपीत एकाच चिन्हाचा उच्चार जागेप्रमाणे क, ग किंवा ह असा पालटतो. मराठीत ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थाने एका ‘ज’ने उच्चारावयाचा आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या ‘ज’ने, लेखनात मात्र दोन्ही एकच. अर्थ समजल्याखेरीज उच्चार करता येत नाही, हा धडा मराठीने यंत्राला दिला.

ऐकण्याचे काम याहूनही बिकट. २०१०च्या सुमारास मद्रासच्याच आयआयटीच्या पुढाकाराने आणखी एक संयुक्त प्रकल्प उभा राहिला. शेतकऱ्याने दूरध्वनी करावा, आपला जिल्हा, बाजारपेठ आणि माल यांची नावे तोंडाने सांगावीत, आणि यंत्राने केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट या नोंदींतून त्या दिवसाचा भाव त्याच्याच भाषेत सांगावा, अशी ही योजना होती. सहा भाषांपैकी एक मराठी. मराठीचा भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पवईच्या आयआयटीने सांभाळला. त्यासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज भ्रमणध्वनीवरून मुद्रित करावे लागले. कारण प्रयोगशाळेतील शांत खोलीत वाचलेली प्रमाण मराठी एक, आणि बाजार समितीच्या आवारात, हमालांच्या गलक्यात, बैलगाडीच्या चाकांच्या कुरकुरीत बोललेली मराठी दुसरी. दूरध्वनीची तार सेकंदाला ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज नेते. त्यापलीकडचा बारकावा वाटेतच गळतो आणि ‘स’ व ‘श’ यांसारखे वर्ण ओळखणे कठीण होते. त्यातच कोथिंबिरीला विदर्भात ‘सांबार’ म्हणतात, बटाट्याला कोठे ‘आलू’ म्हणतात, ज्वारीचा कोठे ‘जोंधळा’ होतो. शब्दकोशात नसलेला शब्द यंत्राला ऐकू आला तरी कळत नाही.

अशा प्रयोगांना हातभार लागला तो आणखी एका बदलाचा. महागडी कार्डे आणि त्यांच्या खाजगी आज्ञावल्या यांवाचून दूरध्वनीचे नियंत्रण करता यावे, म्हणून अमेरिकेत जिम डिक्सन यांनी खुल्या रचनेचे कार्ड बनविले होते. मेक्सिकोतील भूमिहीनांचा पुढारी सपाटा याचे नाव त्यांनी आपल्या उपक्रमाला दिले होते. १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी लिहावयास घेतलेली ‘ॲस्टरिस्क’ ही आज्ञावली तर कोणालाही विनामूल्य वापरता येते. पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांच्या आवाक्यात असलेले केंद्र त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, एका साध्या संगणकावर चालू लागले. पुढे बोलणेच इंटरनेटच्या मार्गाने जाऊ लागले, तेव्हा कार्डाचे कित्येक उद्योग आज्ञावलीने स्वतःकडे घेतले आणि ते कार्ड हळूहळू मागे पडले.

२०२२ साली केंद्र शासनाने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. मद्रासच्या आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ या गटानेही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांचे आवाज गोळा करून ते सर्वांना खुले करण्याचे काम हाती घेतले आहे. यंत्राचे बोलणे आता पुष्कळ सफाईदार झाले आहे. त्याला सामान्यरूपे साधतात, नव्याण्णव आकडे अडखळत नाहीत. परंतु केवळ गोड बोलण्यावरून त्याची परीक्षा करणे योग्य होणार नाही. एरबालू चेट्टी स्ट्रीटवरील ऑपरेटरला गिऱ्हाइकाचा प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर तो पुन्हा विचारी, आणि प्रश्न कळल्याखेरीज खुंटी खोवीत नसे. ज्याला लिहितावाचता येत नाही, ज्याची बोली पुस्तकात नाही, अशा माणसासाठी दूरध्वनीवरील आवाज हेच ज्ञानाचे दार आहे. त्याचे ‘सांबार’ ऐकून यंत्राने कोथिंबिरीचा भाव सांगितला, तर दीड शतकापूर्वी फळीसमोर बसलेल्या माणसाचे दुसरे काम यंत्राने खरोखर उचलले असे म्हणता येईल. ते होईपर्यंत चेन्नईतील आणि मुंबईतील अभियंत्यांना आज्ञावलीबरोबरच आपल्या लोकांच्या बोलीही शिकत राहाव्या लागतील.